दोन बोटं पाणी

चोपड्याच्या मुलींच्या वसतिगृहाचा नकाशा माझ्या टेबलावर आला
तेव्हा त्यात सगळं होतं.
खिडक्या, कोनाडे, झेंड्याचा कट्टा,
देणगीदारांची नावं कोणत्या भिंतीवर, तेही.
वापरलेलं पाणी कुठून जाणार, तेवढं नव्हतं.
"तेवढं तू बघून घे," भंगाळे शेठ म्हणाले.

तेवढं म्हणजे
शहाण्णव मुली, तीन मजले, बत्तीस मोऱ्या-संडास.

मी कोष्टक उघडलं.
बेसिनला एक, नहाणीला दोन, संडासाला चार.
बेरीज करायची आणि मग ती कमी करायची,
कारण पुस्तक म्हणतं
सगळे नळ एकाच वेळी कुणी उघडत नाही.
हे लिहिणाऱ्याच्या गावात
नळाला रोज पाणी येत असणार.
इथे पाचव्या दिवशी, पहाटे चारला, पाऊण तास.
त्या पाऊण तासात शहाण्णव डोकी न्हाणार,
पाच दिवसांची धुणी, पिंपं, कळशा, डबे,
आणि जिचा पेपर आहे ती सगळ्यांच्या पुढे.
मी कमी केलेला आकडा खोडला.
उभा पाईप चार इंची होता, तो सहा केला.
"जास्तीचे पैसे काय तुझा बाप देईल?"
"पहाटे चारला एकदा येऊन बघा शेठ."
ते आले नाहीत.
सही मात्र केली.

उतार सत्तारभाई पिंजाऱ्यांनी काढला,
पारदर्शक नळीत पाणी भरून,
दोन टोकांना दोन पोरं उभी करून.
कमी उतार दिला तर सगळं तळाशी बसतं,
फार दिला तर पाणी एकटंच पुढे पळतं
आणि ज्याला घेऊन जायचं ते मागे राहतं.
त्यांचा बाप धनुकलीच्या तातीवर कान ठेवून
कापूस सुटला की नाही ते सांगायचा.
सत्तारभाई पाईपला कान लावतात.
"आठ सूत खाली घ्या," म्हणतात,
आणि आठच सूत निघतं.

गच्चीवर आलेला हवेचा पाईप आर्किटेक्टला नको होता.
म्हणे दर्शनी भाग बिघडतो.
सत्तारभाईंनी पाण्याची भरलेली बाटली उलटी धरली.
डबाक. डबाक. डबाक.
मग खिळ्यानं बूड फोडलं,
पाणी एका घोटात मोकळं.
"पाईपले बी दम लागस, साहेब.
नही दिधा तं तो ट्रॅपमाधलं पानी पी जास."
पाईप राहिला.
आता यावलच्या रस्त्यावरून आधी तोच दिसतो,
डोक्यावर जाळीची टोपी घालून.

मे महिन्यात सुट्ट्या लागल्या.
बिजलीबाई पावरांचा फोन आला,
सगळ्या इमारतीत घाण वास सुटलाय,
तू काय बांधलं?

मी सांगितलं:
प्रत्येक मोरीखाली एक वाकडी नळी असते,
तिच्यात दोन बोटं पाणी थांबतं.
ते पाणी म्हणजेच दार.
पंचेचाळीस डिग्रीत, कुणी न वापरता,
ते दार उडून गेलं.
बत्तीस ठिकाणी एकेक तांब्या ओता. दर आठवड्याला.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग,
"पेवाले पानी नही,
नि तू मोरीले पाजाले सांगस?"
फोन बंद.

या प्रश्नाला कोष्टकात रकाना नाही.
मी रात्री दोनदा शोधला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भीत भीत गेले.
वास नव्हता.
दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीत वाकून टॉर्च मारला,
आत पाणी होतं, आणि पाण्यावर
पिवळसर, जाड, न हलणारं काहीतरी.
"डाळ-तांदूळ धुयेल पानी टाकं," बिजलीबाई म्हणाल्या,
"नि वर चमचाभर तेल.
तेल वर राहस. खालचं पानी उडत नही.
दिवाबी असाच लावतस ना?"

मी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं:
मे महिना. दर ट्रॅपला एक चमचा, शेंगदाणा.

त्या खांद्यावरून बघत होत्या.
"अर्धा लिटर गयं," म्हणाल्या.
"तेवढं शेठकडथून मांगी दे."